साठ पावलांवर

नेमबाजीच्या मैदानावर बाकाला टेकून, वाळूच्या पिशवीवर बंदूक ठेवून मारलेल्या माझ्या पाच गोळ्या पाच क्रोनरच्या एका नाण्याखाली झाकल्या जातात. अख्ख्या गावाला हे ठाऊक आहे, कारण मीच सांगत फिरतो. आणि आज साठ पावलांवर घोड्याएवढा एल्क, आमच्याकडचं थोरलं हरीण, आडवा उभा राहिला, मी त्याला चार गोळ्या घातल्या, तरी तो पठ्ठ्या पाला चघळत निघून गेला.

आमच्यात गोळी सुटली की, लागो न लागो, कुत्रा लावून रक्ताचा माग काढायचाच. वायरलेसवर कळवलं तशी आमच्या शिकारी टोळीची म्होरकी, तोरबोर्ग मावशी, कुत्रा घेऊन आली. तासभर आम्ही झाडीत फिरलो. रक्ताचा थेंब नाही, केस नाही, झाडाला साधा ओरखडा नाही. शेवटी कुत्राही माझ्याकडेच बघायला लागला.

"मावशी, बंदुकीची दुर्बीण सरकली असणार," मी म्हणालो. "नाहीतर असं होईलच कसं?"

"चार म्हणालास ना? आम्हाला तर एकही आवाज आला नाही रे."

"वारा होता."

मी एल्कवर नेम धरला होता त्या जागी ती परत आली, वाकली, ब्लूबेरीच्या झुडपांतून एकेक करत चार काडतुसं वेचली आणि माझ्या तळहातावर ठेवली. चारही अख्खी होती, टोकाला गोळी जशीच्या तशी.

"बोल्ट चारदा ओढून काडतुसं नुसती बाहेर पाडलीस, राजा," ती म्हणाली, "चाप एकदाही ओढला नाहीस. ठेव, बाकावर उपयोगी पडतील."