मोरीजवळची जास्वंद

लोणखेड्याच्या वत्सलाबाईंच्या परसात जास्वंदीच्या बारा जाती होत्या, आणि बाईंच्या लेखी जातीचं नाव एकच: जिने फांदी दिली तिचं. डोळे गेल्यापासून त्या पाकळी बोटांत चुरून जात सांगत आणि सून नूतन ती पत्र्याच्या पट्टीवर लिही.

दोन वर्षं सासूचं सगळं अंथरुणात करून नूतन पार पिचून गेली होती. पट्ट्या लिहिताना निदान बसायला तरी मिळायचं.

"ही रनाळानी भागामावशीनी," बाई म्हणाल्या. "ही केशरी, मन्ही नणंदनी."

अकरा पट्ट्या झाल्यावर नूतनच्या ध्यानात आलं. "माय, या सगळ्या त मरी गयात."

"मंग? देणारी गई, का मंगच झाड फुलस."

बारावं झाड मोरीजवळचं. नऊ वर्षांत त्याला कळी धरली नव्हती. आज त्यावर एक पांढरं फूल होतं. नूतनने ते तोडलं आणि कमरेतला ठणका एकदम थांबला. किती महिन्यांनी तिला हलकं वाटलं.

तिने फूल सासूच्या तळहातावर ठेवलं. बाईंनी पाकळी चुरली, पुन्हा चुरली.

"ही कोनी शे व, नूतन?"

ती फांदी नूतनने लग्नात माहेराहून आणली होती.

"मन्ही शे," ती म्हणाली.

"नूतन?" बाईंनी समोर हाताने चाचपडलं. "कोठे गई व तू?"

"अठेच शे मी, माय!" नूतन त्यांच्या कानाशी ओरडली.

बाईंनी तोंड फिरवलं आणि त्या मोरीच्या दिशेने हाका मारू लागल्या.