बद्द आवाज

"डोळ्यांना पट्टी बांधून पोकळ फरशी हुडकलीस, तर इथंच मारुतीपुढं कान धरून दहा उठाबशा काढतो. नाहीतर तू!" शेजारच्या बंडोपंतांनी पैज लावली.

केरबा हसला. हेलिकॉप्टरच्या वर्कशॉपात बावीस वर्षं तो हेच करत आला होता. थरावर थर चिकटवून केलेलं पातं जुनं झालं, की आतले थर सुटतात, वरून दिसत नाही. नाण्यानं ठोकायचं. टणटणीत वाजलं तर पास, बद्द वाजलं तर बाद.

तेच नाणं काढून त्यानं देवळापुढच्या नव्या फरश्या एकेक ठोकल्या. "एकही पोकळ नाही. काढा उठाबशा!"

पट्टी सोडली तर सगळी आळी खिदळत होती. "अहो भावोजी, तिसरी चांगली बद्द वाजली की!" मालूवहिनी म्हणाल्या.

केरबानं तिसरी पुन्हा ठोकली. मग चौथी. दोन्ही सारख्याच वाजल्या. सकाळीच त्यानं बारा वर्षांचं जुनं पातं पास केलं होतं. ते लावलेल्या हेलिकॉप्टरमधून चार वाजता पाच माणसं उडणार होती.

"चल, धर कान!" बंडोपंत ओरडले.

केरबानं आधी फोन लावला. "साहेब, चारचं उड्डाण थांबवा. पातं दुसऱ्या कुणाकडून ठोकून घ्या. मला बद्द आवाज ऐकूच येत नाही."

"राहू दे रे," बंडोपंत पुटपुटले.

केरबानं दोन्ही कान धरले आणि मोजून दहा उठाबशा काढल्या.