शेवटचा खंड

वाचनकट्ट्यावर कुंदाने आपली लाडकी, बाजारात न मिळणारी ड्रॅगनची कादंबरी सुचवली, तेव्हा इनामदार चारचौघांत म्हणाले होते, "हे पोरासोरांचं वाचन हो." सगळा कट्टा हसला. कुंदाने ते हसू मनात ठेवलं आणि पहिला खंड त्यांच्या हातात दिला.

आठवड्यात इनामदार दुसऱ्या खंडासाठी तिच्या दारात हजर. आज शेवटच्या खंडासाठी आले, तेव्हा डोळे जागरणाने लाल होते.

"राणी त्या गुहेतून सुटते की नाही, तेवढं सांगा."

"तो खंड मी कालच वाचनालयाला देऊन टाकला," कुंदा चहा ओतत म्हणाली.

"मग जातोच आत्ता."

"बालविभागात दिलाय. तिथं बारा वर्षांखालच्यांनाच पुस्तक मिळतं. तुम्हीच म्हणाला होतात ना, पोरासोरांचं वाचन. साखर किती घालू?"