दिसतं तेवढंच

शिळा पाव. कोळशाची कांडी. प्लास्टरच्या पुतळ्याचा तुटका पाय. खालच्या मजल्यावर सुताराची करवत.

हार्लेम या डच शहरातल्या मास्तरांच्या चित्रशाळेत योरिस इतके दिवस तो पायच काढत आला होता. "त्याला श्वास नसतो, म्हणून जमतो तुला," मास्तर टोमणा मारायचे. जिवंत माणूस समोर मिळणं ही बढती. आज मास्तरांनी पाय कोपऱ्यात सरकवला आणि खिडकीखाली आपल्या मुलीला, मार्त्येला, आणून निजवलं. ती पहाटे तापाने गेली होती. तिचं एकही चित्र नव्हतं, आणि शवपेटी तयार होत आली होती.

"माझा हात चालणार नाही. तू काढ. दिसतं तेवढंच."

योरिसने काढलं. मास्तर सवयीने मागून वाकले, "हनुवटी जड झाली," म्हणाले आणि कांडी घेऊन सुधारू लागले. सुधारता सुधारता हात वर सरकला. त्यांनी कागदावर डोळे काढले. उघडे, खोडकर, अगदी तिचे.

खाली करवत थांबली.

"पूस," मास्तर म्हणाले.

"राहू द्या ना, मास्तर."

"तिच्याकडे बघ. दिसतात का? मग पूस."

योरिसने पावाचा गर बोटांत मळला आणि त्यांनीच शिकवल्याप्रमाणे, कागद न दुखावता, आधी एक डोळा पुसला, मग दुसरा.

"आता आलं तुला," मास्तर म्हणाले.

रविवारी मार्त्येने खायला याच पावाचा तुकडा मागितला होता. पुसायला लागेल म्हणून मास्तरांनी दिला नव्हता.