संकासुराचं नाव

“भिऊ नको रं, बाला. मी हाय नं इथं.”

काळ्या मुखवट्याआडून आलेली ती कुजबूज विनीतनं पाचव्या वर्षी ऐकली होती. शिमग्यात घरोघर नाचणारे खेळे अंगणात आले, मृदंग घुमला, घुंगरं वाजवत त्यांच्यातला काळ्या झग्याचा संकासूर थेट पुढ्यात उभा राहिला आणि हा भोकाड पसरून खांबाला चिकटला. तेव्हा संकासुरानं वाकून कानात एवढंच म्हटलं. रडू जागीच थांबलं.

संकासूर म्हणजे बाबाच. तो झगा घालून नाचायचा मान त्यांच्या घरचा. एखाद्या वर्षी घरचा संकासूर निघाला नाही, तर मान दुसऱ्या घरी जायचा. बाबा मुंबईहून संध्याकाळच्या एस्टीनं आले, तसेच झगा चढवून नाचले आणि पोर उठायच्या आत पहिल्या गाडीनं परतले. आईनंच सकाळी सांगितलं. त्या पावसाळ्यात मुंबईतच ते तापानं गेले. विनीतपाशी उरली ती कुजबूज.

आणि एक कॅसेट. शेजारच्या जमालचाचांनी कुवेतहून आणलेल्या कॅमेऱ्यावर तो नाच टिपला होता.

“चाराला सहा मिनिटं,” चाचांचा फहाद पडवीत लॅपटॉप मांडत म्हणाला. “आज पण तारीख पुढं ढकलली ना, तर मी लग्न करून मोकळा होणार.”

“तुला मुलगी देतंय कोण?”

‘सात खाड्यांचा राखणदार’ हा गेम तीनदा लांबला होता; आज चारला त्याची नवी झलक येणार होती. उडती गलबतं, खाडीच्या तळाशी बुडालेलं राज्य आणि खेळणाऱ्याला वाट दाखवणारा संकासूर. फहादनं कॅसेटवरचा नाच पुण्यातल्या गेम बनवणाऱ्या मंडळींना पाठवला, आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या ईशाचा फोन आला: आमच्या संकासुराला हीच चाल हवी.

“पहिल्या झलकीत गलबत उडत होतं,” फहाद म्हणाला. “दुसरीत नुसतं तरंगलं. आता धक्क्याला बांधून ठेवलं असेल, बघ.”

“गलबत बुडू दे रे. चाल बिघडवली असली तर?”

पडवीच्या टोकाला विनीतची आई, हौसा, तांदूळ पाखडत बसली होती. सुपावरची नजर न काढता ती म्हणाली, “आदी डावा पाय पडाय हवा. उजवा टाकलानी, तर तो संकासूर नव्हं, शालेतली कवाईत.”

“काकी, तुम्ही तर तेव्हा चुलीपाशी होतात म्हणे!”

“चुलीपासनं काय दिसत नाय काय?”

“मग दाखवा ना एकदा करून.”

“गप रं मेल्या. बायांनी झग्याला हातपन लावायचा नसतो.”

चार वाजले. पडदा काळा झाला. दूर कुठं घुंगरू वाजलं. धुकं फाटलं आणि उंच टोपीचा संकासूर बाहेर आला. आधी डावा पाय. मग तीन उड्या, अर्धी गिरकी, आणि मनगटाला तो बारका झटका: हातातलं काही अलगद वर उडवावं आणि पुन्हा झेलावं तसा.

“तोच! तोच झटका!” विनीत ओरडला. “बाबांचा! ईशा म्हणाली होती, असा झटका तिनं कुणाच्याच नाचात बघितला नाही.”

खाली अक्षरं उमटली: दिवाळी पाडवा. फहादनं त्याला उचलूनच घेतलं. “गलबत पण उडतंय रे! मी सगळे शब्द मागं घेतो!”

सूप अजून चालूच होतं. फट्, फट्, फट्.

मोबाईल वाजला. ईशाचा निरोप होता: ‘श्रेयनामावली पाच वाजता बंद होते. संकासुराच्या चालीपुढे कुणाचं नाव लिहू?’

विनीतनं लिहिलं: भागोजी गोताड.

“आये, जगभर खेळतील लोक. बाबांचं नाव वाचतील.”

“मागनं बदलता येतं?”

“नाही. एकदा गेलं की कायमचं.”

तांदूळ वर उडाले, मनगटाला बारका झटका बसला, आणि सूप थांबलं.

फहाद तिच्या हाताकडे बघतच राहिला.

हौसा उठून आली. पिठूळलेल्या पंज्यानं तिनं मोबाईलचा पडदा झाकला.

“तुज्यापाशी बापसाचं तेवढंच व्हतं, म्हनून गप ऱ्हायले,” ती म्हणाली. “नाव खोड, बाला. त्या शिमग्याला तुजा बापूस आलाच नाय. झग्यात मी व्हते.”