तानपुऱ्याची पट्टी

दर मंगळवारी रत्नव्वा कोल्हापुरातून जयसिंगपूरला गाणं शिकवायला जायच्या. हल्ली परतल्यावर त्यांचा तानपुरा पुरुषाच्या पट्टीत उतरवलेला सापडायचा. मुलगा कागलला कामावर. घरात एकटी सून वर्षाराणी, आणि तिनं घशाच्या ऑपरेशननंतर गाणं सोडलेलं. मग हा गाणारा पुरुष कोण? "कोण आलतं गं?" त्यांनी विचारलं की वर्षाराणी नजर चुकवायची. "कोण न्हाय, आत्ती." चौथ्या मंगळवारी रत्नव्वा स्टँडवरूनच माघारी फिरल्या. दाराशी आल्या, तर आतून जाड, घोगरा षड्ज ऐकू आला. त्यांनी दार ढकललं. वर्षाराणी एकटीच होती, तानपुरा छातीशी धरून. "माझा एवढाच आवाज उरलाय, आत्ती. तुमास्नी ऐकवायची लाज वाटत हुती." रत्नव्वांना आपल्याच संशयाची शरम वाटली. चपला न काढताच त्या तिच्यासमोर बसल्या. "षड्ज पक्का हाय की गं तुझा. आता रिषभ लाव."