डोळ्यांतली निळी झाक

"माझं पोर माझ्यापासून तोडणार? हिंमत असेल तर हात लावून दाखवा!" बापाने टेबलावर असा हात आपटला की पेनांचा डबा आडवा झाला.

"आवाज खाली," बालकल्याणवाल्या बाई म्हणाल्या. "दोन वर्षांत हे पाचवं फ्रॅक्चर. आज मुलगा माझ्याबरोबर येणार, निवारागृहात."

"पडतो तो! पोरं पडत नाहीत? तुम्ही काय पाळण्यातून थेट खुर्चीत बसलात?"

हाडांच्या डॉक्टरला हसू आलं. ते दाबत तो उठला. टिल्लू तपासणीच्या टेबलावर बसला होता. वय सात, दिसायला पाचाचा. डावा हात प्लास्टरमध्ये. आई भिंतीला टेकून उभी, पर्स छातीशी धरून.

"दुखतंय का रे?" डॉक्टरने विचारलं.

टिल्लूने बापाकडे बघितलं.

"सांग ना राजा, काही दुखत नाही म्हणून." बापाचा आवाज एकदम मऊ झाला.

"नाही दुखत."

डॉक्टरने त्याला खिडकीपाशी नेलं. खालची पापणी ओढली. बुबुळाभोवती पांढरं असायला हवं तिथे निळं होतं, पाणी घातलेल्या दुधासारखं. दात करडे, आरपार दिसतील असे. अंगठा मागे वाकवला तर थेट मनगटाला टेकला.

"ताई, तुम्हीपण या जरा उजेडात."

तिचे डोळेही तसेच.

"बाई, फाइल मिटा," डॉक्टर म्हणाला. "हा आजार आहे. आईकडून आलाय. हाडं खडूसारखी, कूस बदलली तरी मोडतात. मागच्या वर्षी असाच एक बाप चार महिने आत बसला, काही न करता. तेव्हा मी पोराचे डोळे बघितले नव्हते."

बाप मटकन खाली बसला. "अख्खी बिल्डिंग मला कसाई म्हणते हो डॉक्टर." आणि सगळ्यांसमोर रडला.

बाईंचा चेहरा पडला. डॉक्टरने पत्र लिहिलं, सही केली, शिक्का मारला. दुखापती आजारामुळे, मारहाणीचा संशय नाही. बाईंनी प्रत घेतली. "माफ करा. यापुढे कोणी तक्रार केली तर हेच पत्र त्याच्या तोंडावर मारेन," असं म्हणून त्या गेल्या.

बापाने डोळे पुसले, टिल्लूला अलगद उचललं. "चला काचेचे साहेब, गाडीत बसू. तू ये गं मागून."

दार बंद झालं. डॉक्टरने एक फॉर्म पुढे ओढला.

"ताई, एवढं भरलं की झालं. तुमची हाडं कितीदा मोडलीत?"

"सहा वेळा."

"बघा! म्हटलं ना मी." तो भराभर लिहीत होता. "पहिलं कधी? चालायला लागल्यावर?"

"सव्विसाव्या वर्षी."

पेन थांबलं. "आणि लहानपणी?"

"लहानपणी काहीच नाही. एकदा जिन्यावरून गडगडत खाली आले होते, नुसतं खरचटलं."

खालून हॉर्न वाजला. तिने पर्स घट्ट धरली.

"मग सव्विसाव्या वर्षी काय झालं?"

"लग्न." हॉर्न परत वाजला, या वेळी लांबलचक. "डॉक्टर, मला आता निघायला हवं."